तुम्ही कुठल्या बाई?

बुधवारा, बुऱ्हाणपूर
११ ऑगस्ट २०२४

चि. चारुलता हीस आईचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक चापट, कारण हल्ली तुझा फोन दोन मिनिटांत आटपतो.

पत्र पाहून दचकू नको असं लिहिणार होते, पण तू दचकशीलच. हे फोनवर सांगायची सोय आपल्या घरात नाही. तुझ्या बाबांचे डोळे गेले तेव्हापासून त्यांचे कान दुप्पट झालेत. मी माडीवर जाऊन कुजबुजले तरी खालून विचारतात, कुणाचं काय दुखून राहिलं म्हणून. लिहिलेलं मात्र त्यांना ऐकू येत नाही. तेवढी एकच जागा मला उरली आहे.

माझा आवाज बसला होता ना, त्याला आलं झालं, मध झाला, शेजारच्या मथुराबाईचा तो कडूजहर काढा झाला. शेवटी सुरेशमामाला घेऊन इंदूरला जाऊन आले. बाबांना सांगितलं, खकनारला मामाकडे सत्यनारायण आहे. चारू, घशात गाठ आहे आणि ती चांगली नाही. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल. मानेला भोक पाडतात, श्वास तिथून घ्यायचा. बोलणं जन्माचं बंद. मी जन्मभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि तिथे नुसती मान हलवत बसले.

मरणाची भीती नाही असं खोटं लिहीत नाही, आहे. पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. तुझ्या बाबांसाठी मी म्हणजे माझा आवाज. इतक्या वर्षांत त्यांनी माझं तोंड पाहिलेलं नाही. झोपेतून उठले की आधी मास्तरीणबाई म्हणून हाक मारतात, मी ओ दिली की मगच पाय खाली टाकतात. ती ओ गेली तर त्या माणसाने पाय कुठे टाकायचा?

त्यांचा कान तुला माहीत आहे. मंडीत केळीचा लिलाव पुकारायचे तेव्हा नुसत्या खोकल्यावरून सांगायचे, हा खकनारकडचा, हा शाहपूरचा, हा ताप्तीपलीकडचा. आपलं गाव लपवून बोलतो तो एक तर हवालदार नाहीतर चोर, हे त्यांचं शास्त्र.

तुझी कंपनी मशीनला आवाज देते म्हणतेस. मग माझा आवाज आधी काढून ठेवता येईल का, उन्हाळ्यात पापड करून डब्यात ठेवतो तसा?

कळावे. जेवत जा. लोभ आहे तसाच ठेव, आणि बाबांपाशी एक अक्षर काढू नको.

तुझी आई,
ज्योत्स्ना


पुणे
१७ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आईस चारूचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. रडले, मग तोंड धुतलं, मग निरंजनकडे गेले. आमच्याकडे आवाजाचं सगळं काम तोच बघतो. तो म्हणाला, होईल. तू वाचायचंस, ते भरून घ्यायचं, त्यावरून मशीन तुझ्याच आवाजात काहीही बोलू शकेल. एक हातात मावणारी स्क्रीन मिळेल, तू अक्षरं दाबायचीस, ती बोलेल. बाबांना ओ मिळेल आई, मी शब्द देते.

वाचायचे उतारे मथुरामावशीच्या रुपालीच्या मोबाईलवर पाठवते. तिच्याच घरी बसून वाच, म्हणजे बाबांना कळणार नाही. फक्त एक सांभाळ. आम्हाला स्वच्छ आवाज लागतो. माणूस कुठल्या गावचा, कुठल्या आळीतला, काही कळू नये असा. मशीनला हेल चालत नाही, आणि ते आपलं आलं-गेलं हिंदीही नको. तू हसशील, पण असा आवाज असतो. कॉलेजात पहिल्याच दिवशी मी काय करून राहिले म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला, तेव्हापासून मी माझा आवाज घासून घासून धुतला आहे. आता मी कुठली हे कुणालाच ओळखता येत नाही, आणि ऑफिसात नव्या मुलांना नमुना म्हणून माझाच आवाज ऐकवतात.

बाबांना खरं सांगून टाकावं असं मला वाटतं. त्यांना खोटं ऐकू येतं. पण तुझी मर्जी. त्यांनी विचारलं तर मीही मामाचंच नाव सांगेन.

ऑपरेशनला मी इंदूरला येतेच आहे. बाबांना माझा नमस्कार तोंडाने सांग, अजून सांगता येतोय तोवर.

तुझी,
चारू


बुधवारा, बुऱ्हाणपूर
५ सप्टेंबर २०२४

चि. चारुलता हीस अनेक आशीर्वाद.

झालं एकदाचं तुझं वाचन. पहिल्या खेपेला मी आपली नेहमीसारखी वाचत गेले, मधेच रुपालीला म्हटलं पंखा बंद कर गं, मधेच खोकले, मधेच उताऱ्यातल्या त्या शहाण्या बाईला दोन शब्द सुनावले. तुझ्या निरंजनने सगळं परत पाठवलं, हेल फार आहे म्हणून. अरे वा! अडतीस वर्षं शिकवलं, कुणा इन्स्पेक्टरची माझी वही परत पाठवायची हिंमत झाली नव्हती.

मग दुसऱ्या खेपेला मी इन्स्पेक्टर समोर बसला आहे असं समजून वाचलं. पोरांना वाचायला लावायचे तसं, ताठ, एकेक अक्षर सुटं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबून. रुपाली तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, काकू हे कोण बोलून राहिलं म्हणाली. तुझ्या निरंजनला मात्र ते फार आवडलं म्हणे. मला विचारशील तर, कुठलाच नसलेला आवाज म्हणजे पुण्याचा आवाज. तुमचं गाव तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच. पाण्याला चव नसते असं ताप्तीकाठचा माणूसही म्हणतो, आणि खंडव्याला गेला की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. बिनगावाचा आवाज मी तरी आजवर ऐकला नाही. तान्हं पोरसुद्धा आईच्याच सुरात रडतं, हे तूच मला कुठल्याशा मासिकात वाचून सांगितलं होतंस.

असो. तू शिकलेली, तुला जास्त कळतं. मला काय, ओ देता आली म्हणजे झालं.

उद्या निघते. बाबांना सांगितलंय, सुरेशमामाला ताप उतरत नाही, वहिनी एकटी आहे. ते म्हणाले, तुझा आवाज अजून बसलेलाच आहे, तिकडे थंड पाणी पिऊ नको. मी हो म्हटलं. त्यांच्यापाशी थोडं बसावं, काही चांगलं बोलावं असं फार मनात होतं, पण गळा भरून आला असता तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. उद्या निघताना दारातून दूध झाकून ठेवा, मांजर येते, एवढंच म्हणणार आहे. माझं शेवटचं बोलणं दुधाचं. माय व, काय ही तऱ्हा!

कळावे. मामाला फोन करून त्याचा ताप किती आहे ते पाठ करून घे, नाहीतर बाबांपुढे चुकशील. माया असू दे.

तुझी आई,
ज्योत्स्ना


बुधवारा, बुऱ्हाणपूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. चारुलता हीस आशीर्वाद.

तू इंदूरहून गेलीस त्यानंतर चार दिवसांनी मला घरी सोडलं. मान बरी आहे, खाल्लेलं उतरतं. तब्येतीचं एवढंच. आता दुसरं लिहिते, आणि बसून वाच.

बाबा ओट्यावर होते. माझ्या पायांच्या आवाजाला उठून उभे राहिले आणि मास्तरीणबाई म्हणाले. मी वाटेतच मशीनमध्ये लिहून ठेवलं होतं, अहो, मी आले. बटण दाबलं. त्यांचं तोंड बदललं, चारू. हात जोडले त्यांनी मला, आणि विचारलं, तुम्ही कुठल्या बाई?

मी दाबलं, मी ज्योत्स्ना. ते म्हणाले, नाव कळलं, गाव सांगा. बोलण्याला गाव नाही तुमच्या. मी घाईघाईने काय काय दाबत गेले, आणि ती बया माझ्या हातात एकेक अक्षर सुटं करून इन्स्पेक्टरपुढे बोलावं तसं बोलत गेली. ते मागे मागे सरकत भिंतीला टेकले.

मथुराबाई आली, सुरेशमामाने शपथ घेऊन सांगितलं, ऑपरेशनचं सगळं सांगितलं. तर म्हणाले, आधी सत्यनारायण होता, मग ताप होता, चारूही फोनवर तापच म्हणाली, आता हे सांगता. आंधळ्याशी सगळेच खोटं बोलतात. मी त्यांचा हात ओढून माझ्या हातावर ठेवला. तर हातात बांगड्या नाहीत, त्या इंदूरला उतरवल्या होत्या, आणि हात वाळून काटकी झालेला. चाचपत गळ्यापर्यंत आले, मंगळसूत्र बघायला असेल, तिथे ते भोक लागलं. हात असा काही मागे घेतला त्यांनी!

त्यांनी मनाशी धरून ठेवलंय की मी इंदूरला गेले ती गेलेच, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून सेवेला एक बाई ठेवली आहे. परवा मथुराबाईला विचारत होते, माझ्या बायकोचं दहावं कुणी केलं म्हणून. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. मला ओरडून रडायचं होतं. तर रडण्यालाही आवाज लागतो, हे मला तेव्हा कळलं. भोकातून नुसती हवा येते.

माझं पहिलं वाचन आहे ना तुमच्याकडे, ते खोकण्याचं, पंखा बंद कर म्हटलेलं? ते घाला मशीनमध्ये. तुझ्या निरंजनला सांग, हेल फार आहे तोच पाहिजे.

कळावे. मायेत कमी करू नको, पण आधी ते पाठव.

तुझी आई,
ज्योत्स्ना


पुणे
२७ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आईस चारूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आई, ते पुसलं. जे कामाचं नाही ते आमच्याकडे ठेवत नाहीत, आणि कामाचं नाही असा शेरा मीच मारला होता. निरंजनने दोन दिवस शोधलं. बिचारा माझ्यासमोर बसून म्हणाला, तुझ्या आईचा आवाज मी घरातल्या भांड्यासारखा चकचकीत केला गं, मला काय माहीत. त्याचा राग येत नाही. माझाच येतो.

रुपालीच्या मोबाईलवरूनही गेलंय, तिने पोराच्या फोटोंना जागा करायला काढून टाकलं. मामाच्या दीपालीच्या लग्नाची सीडी मागवली. तू तीत सगळीकडे दिसतेस, बायकांना हळदीकुंकू लावतेस, काहीतरी बोलतेस, आणि वर आहे तो नुसता बँड. आपण कधी तुझा आवाज भरून ठेवलाच नाही. तो घरात होताच ना, पंप सुरू झाल्यासारखा रोज सकाळी.

मी बाबांना फोनवर सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, पोरी, तू फार छान बोलतेस, रेडिओसारखं, म्हणूनच तुझं काही खरं वाटत नाही.

सुट्टी मागितली आहे. येते.

तुझी,
चारू


बुधवारा, बुऱ्हाणपूर
६ जानेवारी २०२५

चि. चारुलता हीस आशीर्वाद.

मागे येऊन गेलीस तेव्हापेक्षा बाबा उतरलेत. अंथरुणावरच आहेत. डॉक्टरांना कारण सापडत नाही, मला सापडतं. मशीन मी कपाटात ठेवून दिलं, त्याचा आवाज आला की ते भिंतीकडे तोंड फिरवतात. शाळेतली जुनी पाटी काढली आहे, बाकीच्यांशी तिच्यावर लिहून बोलते. त्यांच्यापाशी नुसती बसते. पायाला तेल लावते, हात धरते. आता हात मागे घेत नाहीत, पण माझ्या देखत मास्तरीणबाई म्हणून हाक मारतात, आणि वाट बघतात.

मागच्या वेळी तू माझी नक्कल करून बघितलीस, त्याचं मनाला लावून घेऊ नको. त्यांनी चारू, नाटक करू नको म्हटलं, ते काही तुझ्यावर नव्हतं.

आता अन्न घेत नाहीत. ये. फार दिवस नाहीत.

आई


बुधवारा, बुऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. चारुलता हीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळलं. मी बरी आहे. मथुराबाई रात्रीला येऊन झोपते. बाबांना नेलं तेव्हा तिनेच माझ्या वाटचं हेल काढून रडून घेतलं, त्यांचं नाव, मंडीचं नाव, सगळं घालून. मी तिच्या खांद्याला धरून तोंड उघडं ठेवून उभी होते. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

तुझ्याशी त्या दिवसांचं बोलायचं राहिलं. तू तुझ्या तोंडाने जे केलंस ते तुला ऐकू आलं नसेल, मला आलं. मुगाच्या पाण्याची वाटी त्यांनी ढकलली आणि सगळं गोधडीवर सांडलं. तू रात्रभराच्या प्रवासाने शिणलेली. तू जी कडाडलीस, काय करून राहिले हो, सारी गोधडी भिजवली, लहान लेकरू आहे का तुम्ही, आ करा बरं, आ करा आधी! माझ्या हातातली पाटी पडली. ती मी होते, चारू. शब्द माझे, ओढणं माझं, रागाच्या शेवटी बरं म्हणून खाली येणं माझं. कुठे ठेवलं होतंस गं इतकी वर्षं? पुण्याच्या एवढ्या पाण्याने गेलं नाही ते?

आणि त्यांनी आ केला. पाणी गिळलं आणि म्हणाले, आलीस का, किती दिवस लावले मास्तरीणबाई.

नंतर जे चाललं ते आपल्या दोघींनाच माहीत. मी पाटीवर लिहायची, तू बोलायचीस. आमचं दोघांचं पंचेचाळीस वर्षांचं बोलणं तुझ्या तोंडून पुरं झालं. ते हसले, खकनारच्या वहिनीची चौकशी केली, खायला गोड दराबा मागितला, मंडीतल्या त्या मारामारीची गोष्ट पुन्हा सांगितली. मी लिहून लिहून खडूने पांढरी झाले. तुझे पाय धरावेत असं वाटत होतं आणि त्याच वेळी तुझा असा हेवा वाटत होता की तुला उठवून ढकलून द्यावं. खरं ते लिहिते. त्यांचं तोंड तुझ्याकडे होतं. माझ्या नवऱ्याने माझा निरोप घेतला आणि तोंड तुझ्याकडे होतं.

आता एक विचारते. गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी तुला खाली वाकवलं आणि कानात काही बोलले. मी पायांपाशी होते, ऐकू आलं नाही. तू काहीतरी उत्तर दिलंस, मग उठून मोरीत गेलीस, नळ सोडलास आणि बराच वेळ आलीच नाहीस. मी पाटीवर विचारलं तर म्हणालीस, पाणी मागत होते. पाणी मागायला कुणी कानात बोलत नाही.

ते जे काही होतं ते माझं आहे. तुझ्या कानात पडलं तरी माझं आहे. कसंही असो, लिहून पाठव. मी बोलू शकत नाही, पण वाचू शकते.

लोभ आहे, असावा, त्याहून जास्त काय लिहू.

तुझी आई,
ज्योत्स्ना


पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आईस चारूचे शि. सा. न. वि. वि.

सवयीने पुढे सौ. लिहायला गेले आणि पेन थांबलं. दुसरं जे लिहितात ते मला लिहायचं नाही. नुसतं आईस लिहिलंय.

ऑफिसला जाते आहे. परवा नव्या मुलांना नमुना ऐकवायला म्हणून मला बसवलं. मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. माझ्याच आवाजाला मला विचारावंसं वाटलं, तुम्ही कुठल्या बाई? निरंजनने पाणी आणून दिलं आणि मला घरी पाठवलं.

तू मागतेस ते तुझंच आहे. मी लपवलं ते चोरायला नाही, तुला सोसेल की नाही या भीतीने. आता तू विचारलंस, तर जसं ते बोलले तसं लिहिते, माझा एकही शब्द न घालता.

ते म्हणाले, मास्तरीणबाई, तू नव्हतीस तेव्हा या पोरांनी घरात एक मुकी बाई आणून ठेवली होती. कुठली आहे ते कळलं नाही. मी तिला फार तोडून बोललो. पण ती गेली नाही. पायाला तेल लावायची, हात धरून बसून राहायची, तिच्या हाताला तुझ्यासारखाच हळदीचा वास यायचा. आता तू आलीस म्हणून तिला काढू नको. तिला जायला कुठे नसेल. तुझ्या साड्यांतली एक चांगली दे तिला.

एवढंच. आई, मी काय उत्तर दिलं तेही तुला सांगायला हवं. मी तुझ्या आवाजात त्यांना म्हटलं, नाही हो काढत, राहील ती इथेच.

तुझी,
चारू